कै. रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे व समुद्राचा हिशेब

महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांतील आमच्या बहुतेक वाचकांच्या दाराशी डोंगर आहे, समुद्र नाही. पुष्कळांनी तो डोळ्यांनी पाहिलाही नसेल. तथापि दासगावच्या किंवा महाडच्या नदीकाठी राहणारा कोणीही मनुष्य सांगेल की, सावित्रीचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते, आणि चढते तेव्हा ते खारट असते. हे पाणी बाणकोटच्या खाडीतून वर आलेले समुद्राचे पाणी होय. म्हणजे आपण समुद्राकडे जात नसलो तरी समुद्र आपल्याकडे रोज येऊन जातो. जो पाहुणा रोज येतो त्याची येण्याची वेळ घरच्या माणसांस ठाऊक असावी, हे कोणीही कबूल करील. ही वेळ कशाने ठरते आणि ती अगोदर कशी काढावी, हे ज्ञान मराठी भाषेत आणण्यासाठी आरंभीच्या काळात ज्यांनी श्रम केले, त्यांत प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे ऊर्फ केरूनाना ह्यांचे नाव मोठे आहे. ते आपल्याच जिल्ह्याचे होते. म्हणून त्यांचे चरित्र, आणि त्याबरोबर समुद्राच्या चालीची काही साधी माहिती, आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

केरूनानांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अलिबागेजवळच्या नागाव ह्या गावी झाला. तो मुलूख त्या वेळी आंग्र्यांच्या अमलाखाली होता. पुढे त्याचा कुलाबा जिल्हा झाला, आणि १९८१ सालापासून त्यास रायगड जिल्हा म्हणतात. नागाव हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे, अगदी समुद्रकाठचे गाव आहे. तेथून थोड्याच अंतरावर, अलिबागेसमोर, पाण्यात कुलाब्याचा किल्ला उभा आहे. ओहोटी लागली म्हणजे माणसे वाळूतून चालत किल्ल्यात जातात. भरती आली म्हणजे तोच किल्ला चारी बाजूंनी पाण्याने वेढला जातो. परत येण्याची वेळ ज्याने चुकविली त्यास पुढील ओहोटीपर्यंत थांबावे लागते, किंवा होडीची वाट पाहावी लागते. अशा किनाऱ्यावरच्या मुलास समुद्राची वेळ कोणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही.

येथे वाचकांनी एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा. समुद्राच्या दोन चाली आहेत. एक लाटेची, दुसरी भरती-ओहोटीची. लाट काही पळांत येते आणि फुटते. भरती सुमारे सहा तास चढत असते आणि ओहोटी तितकाच वेळ उतरत असते. लाट वाऱ्यापासून उत्पन्न होते; भरती चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणापासून उत्पन्न होते. ही दोन निराळी कारणे एकत्र मिसळली म्हणजे समुद्राविषयीचे सगळे ज्ञान घोटाळ्यात पडते.

लाट म्हणजे काय, हे समजण्यास आमच्या वाचकांनी आपल्या भाताच्या शेताकडे पाहावे. भाद्रपदात भात पोटरीस आले असता वाऱ्याची झुळूक आली म्हणजे शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत लाट धावत गेलेली दिसते. रोप मात्र आपल्या चुडापासून हलत नाही. ते वाकते व पुन्हा उभे राहते. समुद्रातही असेच आहे. लाट कोसच्या कोस धावते, पण पाण्याचा प्रत्येक थेंब जवळजवळ आपल्याच ठिकाणी वाटोळा फिरून परत येतो. खोल समुद्रात तरंगणारे ओंडके लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत नाहीत. ते वरखाली होतात, एवढेच. लाट किती मोठी होईल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहत राहिला आहे, आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांब अंतर वाहत आला आहे. तळ्यावर कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी डोंगराएवढी लाट उठत नाही, कारण वाऱ्यास धावावयास अंतर नाही. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा शेकडो कोस उघड्या समुद्रावरून दिवसचे दिवस वाहत येतो, म्हणून त्या महिन्यांत आमचा पश्चिम किनारा खवळलेला असतो, आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. लाट उथळ पाण्यात शिरली म्हणजे तिचा पाय तळाशी अडखळतो, डोके पुढे धावते, आणि ती फुटते. किनाऱ्यावर जो फेस व गर्जना आपण पाहतो व ऐकतो, ती ह्या अडखळण्याची होय.

आता चरित्राकडे वळू. केरूनानांचे आईबाप त्यांच्या बालपणीच वारले, आणि ते आप्तांच्या आश्रयाने विद्येसाठी मुंबईस आले. छत्रे घराण्यास विद्येचा वारसा होता. बाळमित्र हे पुस्तक मराठीत आणणारे सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्याच घराण्यातील. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत केरूनाना शिकू लागले. तेथे प्रोफेसर ऑर्लिबार हे गणित व ज्योतिष शिकवीत असत, आणि कुलाब्याच्या वेधशाळेची देखरेखही त्यांच्याकडे होती. ह्या गुरूची दृष्टी केरूनानांवर पडली, आणि शिक्षण पुरे होते न होते तोच हा तरुण वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला. तेथे १८५१ सालापर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे, त्यांनी काम केले.

हे कुलाबा मुंबईचे, अलिबागेचे नव्हे. ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली होती. तिचे पहिले काम जहाजांसाठी बिनचूक वेळ सांगणे हे होते. कारण भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कोठे आहो हे कळण्यास नावाड्यापाशी खरे चालणारे घड्याळ लागते, आणि ते घड्याळ बंदरात ताऱ्यांच्या वेधाने ठरविलेल्या वेळेशी ताडून घ्यावे लागते. १८४१ सालापासून तेथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीचे व हवेचेही वेध नियमाने घेतले जाऊ लागले. कुलाबा हे पूर्वी मुंबईपासून तुटलेले बेट होते. १८३८ साली बांध पुरा होईपर्यंत तेथे पायी जाणे ओहोटीवर अवलंबून असे, आणि वेळ चुकलेले लोक बुडून मेल्याचेही प्रसंग घडले होते. केरूनाना गेले तेव्हा बांध झालेला होता. पण भरतीची वेळ ही केवळ विद्वानांच्या कुतूहलाची गोष्ट नसून जीवनमरणाची गोष्ट आहे, ही आठवण त्या बेटावर अजून ताजी होती.

वेधशाळेतील नोकरी वरून पाहता नीरस दिसते. दिवसा व रात्री ठरलेल्या घटकेस उठून यंत्राकडे जावयाचे, जो आकडा दिसेल तोच वहीत लिहावयाचा, आपणांस हवा असलेला आकडा लिहावयाचा नाही. आज ह्या आकड्यांत काही अर्थ दिसत नाही म्हणून उद्या उठावयाचे टाळता येत नाही. अर्थ शेकडो आकडे जमल्यावर दिसू लागतो. ज्या माणसाने तरुणपणाची दहा वर्षे अशा कामात घालविली, त्याच्या स्वभावास एक वळण लागते. ते वळण केरूनानांच्या पुढील सर्व आयुष्यात दिसते.

१८४८ साली मुंबईस विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र मंडळीची मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा निघाली. नवे शास्त्र इंग्रजी न येणाऱ्या लोकांस त्यांच्या भाषेत सांगावे, हा तिचा उद्देश होता. ह्या सभेपुढे केरूनानांनी हवा, कालज्ञान आणि भरती-ओहोटी ह्या विषयांवर मराठीत निबंध वाचले. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. शास्त्रीय शब्द मराठीत रुळलेले नव्हते. एकेक कल्पना सांगण्यास शब्द शोधावा लागे किंवा घडवावा लागे. इंग्रजी शिकलेल्या तरुणास इंग्रजीत लिहून साहेबांची शाबासकी मिळविणे सोपे होते. केरूनानांनी अवघड वाट धरली.

भरती-ओहोटीचे शास्त्र थोडक्यात असे आहे. न्यूटन ह्या इंग्रज पंडिताने १६८७ साली आकर्षणाचा नियम प्रसिद्ध केला, आणि त्यावरूनच ह्या चमत्काराचे कारण उलगडले. चंद्र पृथ्वीस आपणाकडे ओढतो. जे पाणी चंद्राच्या बाजूस आहे ते त्यास अधिक जवळ, म्हणून तेथे ओढ अधिक. पृथ्वीच्या मध्यावर ती त्याहून कमी. आणि पलीकडच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत कमी. ह्या कमीअधिक ओढीमुळे पाणी दोन्ही बाजूंस फुगते, चंद्राकडेही आणि चंद्राच्या उलट दिशेसही. पृथ्वी आपल्याभोवती फिरत असल्यामुळे एकच किनारा रोज ह्या दोन्ही फुगवट्यांतून जातो. म्हणून भरती दिवसातून दोन वेळा येते. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे त्याच्यासमोर पुन्हा येण्यास किनाऱ्यास चोवीस तासांवर सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. म्हणून आजची भरती कालच्यापेक्षा तितकी उशिरा येते. जमीन, तळाची खोली व किनाऱ्याची वळणे आडवी येत असल्यामुळे प्रत्येक बंदराची वेळ थोडी निराळी असते. पण त्या त्या बंदरापुरता नियम ठरलेला राहतो.

सूर्यही पाण्यास ओढतो. तो प्रचंड असला तरी फार दूर आहे, म्हणून भरती उत्पन्न करण्याची त्याची शक्ती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी भरते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, आणि त्या सुमारास, बहुधा एकदोन दिवस मागाहून, मोठी भरती व मोठी ओहोटी होते. ह्यास आपल्याकडे उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, एकमेकांचे बळ मोडतात, आणि पाणी थोडे चढते व थोडेच उतरते. त्यास भांग म्हणतात. मुंबई बंदरात उधाणास भरती व ओहोटी ह्यांच्यामध्ये सरासरी सुमारे १२ फुटांचे अंतर पडते, तर भांगेस ते पाच फुटांच्या आतच राहते.

आमच्या किनाऱ्यावरील खलाशी व कोळी ह्यांस हे कारण ठाऊक नसेल, पण हिशेब ठाऊक होता. तिथीचा आकडा घ्यावा, त्यास तीनांनी गुणावे व चारांनी भागावे. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा व रात्रीही, पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, प्रतिपदेपासून पुन्हा नव्याने मोजावे. हा नियम मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यापुरता आहे, व तो अदमासाचा आहे. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो. पण ज्यास लिहितावाचता येत नाही असा तांडेलही तो बोटांवर मोजून आपला मचवा लोटीत असे.

ह्या नियमाचे सर्व बळ तिथी खरी असण्यावर आहे. पंचांगातील मुहूर्त व शुभाशुभ ह्यांशी आम्हांस कर्तव्य नाही. परंतु तिथी ही त्यांहून निराळी वस्तू आहे. सूर्यापासून चंद्र किती दूर गेला ह्याचे ते माप आहे. बारा अंश अंतर पडले की एक तिथी झाली. म्हणजे तिथी हे आकाशातील घड्याळ होय, आणि ते कोणत्याही एका धर्माच्या लोकांचे नव्हे. हे घड्याळ आमच्याकडे ज्या ग्रंथावरून लावीत असत तो ग्रहलाघव. तो गणेश दैवज्ञाने १५२० साली रचला. हा दैवज्ञही मुरूडजवळच्या नांदगावचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील समुद्रकाठचा. ग्रंथ उत्तम होता; पण तीनशेहून अधिक वर्षांत लहान लहान फरक साचत जाऊन गणित व आकाश ह्यांत अंतर पडले होते.

१८५१ साली केरूनाना पुण्यास आले. तेथे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेत व पुढे कॉलेजांत ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत असत. मराठी शाळांसाठी अंकगणिताचे व पदार्थविज्ञानाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. पुण्यात असतानाच त्यांनी आपले सर्वांत मोठे काम पुरे केले. युरोपातील नव्या वेधांवरून सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांची स्थाने काढण्याची कोष्टके त्यांनी मराठीत तयार केली, आणि ग्रहसाधनाची कोष्टके ह्या नावाने ती १८६० साली छापून निघाली. अशी कोष्टके रचणे म्हणजे आकड्यांचे रान तुडविणे होय. एका पानावरचा एक आकडा चुकला तर त्यावरून काढलेली सर्व स्थाने चुकतात, आणि चूक कोठे आहे हे शोधण्यास पुन्हा मुळापासून यावे लागते. हे सर्व त्यांनी शाळेतील काम सांभाळून केले.

१८६५ साली आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साहाय्याने त्यांनी ह्या नव्या गणितावरून पंचांग काढण्यास आरंभ केला. ते पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध आहे. लोकांनी त्याचे स्वागत केले असे म्हणता येत नाही. जुन्या गणिताची सवय पडलेल्यांस नवा आकडा पाखंड वाटला. पंचांग फार थोड्यांनी घेतले आणि वाद पुष्कळांनी केला. केरूनाना वाद करीत बसले नाहीत. ग्रहण कोणत्या घटकेस लागते, चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ दिसतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने डोळ्यांनी पाहावे, इतकाच त्यांचा पुरावा होता. आणि तो वर्षानुवर्षे आकाशात उघडा पडलेला होता.

पुढे ते डेक्कन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. त्या काळी हिंदी मनुष्यास अशी जागा मिळणे विरळ होते. बाळ गंगाधर टिळक हे तेथे त्यांचे विद्यार्थी होते, आणि पंचांगाच्या शुद्धीचा प्रश्न टिळकांनी पुढे उचलून धरला त्याचे बीज ह्या गुरूच्या वर्गात पडले होते. १८७७ साली सरकारने केरूनानांस रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ साली ते नोकरीतून निवृत्त झाले, आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीतच भरतीच्या हिशेबाने एक मोठी मजल मारली. १८७८ सालापासून मुंबईस अपोलो बंदरावर आपोआप नोंद करणारे यंत्र पाण्याची चढउतार रात्रंदिवस कागदावर रेखू लागले. १८७९ साली विलायतेत हिंदुस्थानातील बंदरांसाठी एक यंत्र तयार झाले, ज्याची चाके चंद्राच्या व सूर्याच्या निरनिराळ्या गतींप्रमाणे फिरून पुढील वर्षाची भरती अगोदर लिहून देत. आज हे काम गणकयंत्रे करितात, आणि बंदरांच्या भरतीचे कोष्टक दरवर्षी आगाऊ छापून निघते. त्यांच्या जुन्या वेधशाळेचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून चुंबकाचे वेध बिघडतील असे दिसले, तेव्हा १९०४ साली ते काम अलिबागेस हलविण्यात आले. केरूनाना ज्या कामासाठी किनारा सोडून मुंबईस गेले होते, ते काम त्यांच्या मागे त्यांच्या गावाच्या शेजारी येऊन वसले.

आता हे सर्व सावित्रीच्या खोऱ्याशी कसे लागते ते पाहू. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते, जेथे वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. ती पोलादपुरावरून डोंगर उतरून महाडास येते. तेथे गांधारी व काळ ह्या नद्यांचे पाणी तीस मिळते. महाडापासून पुढे मात्र तिचा उतार इतका थोडा आहे की भरती तिच्या पात्रातून वर चढत येते. ह्याच भरतीने महाडास बंदर केले. आगबोटी दासगावास येत असत. १९२७ सालच्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेस आले ते ह्याच मार्गाने, मुंबईहून समुद्राने निघून, खाडीने दासगावास उतरून आले. खाडीच्या मुखाशी पूर्ण भरती झाली की ती लागलीच महाडास होत नाही. लांबट लाटेप्रमाणे ती वर सरकत येते, आणि तिला पोहोचण्यास आणखी वेळ लागतो. म्हणून तिथीच्या हिशेबाने निघालेल्या वेळेत हा उशीर मिळवावा लागतो. तो किती, हे नदीकाठच्या माणसाने चार उधाणे पाहून स्वतः ठरवावे.

भरतीच्या ह्या वाटेची दुसरी बाजू भयंकर आहे. घाटावर मोठा पाऊस होऊन पूर खाली यावा, आणि त्याच वेळी खालून उधाणाची भरती वर चढावी, असे झाले तर पुराच्या पाण्यास जाण्यास जागा उरत नाही. पूर येतो तो पावसाने. पण पाणी किती वेळ घरांत राहावे हे ठरविण्यात भरतीचा हात असतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्यात बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळली, ते दुःख ह्या भागात कोणी विसरलेले नाही. तो दिवस आषाढ शुक्ल त्रयोदशीचा होता. पौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती. तिथीच्या नियमाने किनाऱ्यावर त्या दिवशी सकाळी व रात्री पावणेदहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाड व पोलादपूर ह्यांमधील सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या, ती रात्र आषाढी अमावास्येची होती. पूल भरतीने पडला असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाहून गेलेल्या माणसांचा शोध खाडीत व पुढे समुद्रापर्यंत घ्यावा लागला. डोंगरातल्या नदीत पडलेले माणूस समुद्राच्या हिशेबात गेले.

उधाण केव्हा येणार हे कित्येक वर्षे अगोदर सांगता येते. घाटावर पाऊस किती पडणार व वारा किती सुटणार हे फार तर काही दिवस अगोदर, आणि तेही अदमासाने, सांगता येते. ह्याच कारणाने लाटांचा अंदाज आणि भरतीचे कोष्टक ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा ही संस्था लाटांचे अंदाज व इशारे देत असते. त्यात लाटेची म्हणून जी उंची सांगतात, ती सर्व लाटांतील सर्वांत मोठ्या अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचही येऊ शकते. पावसाळ्यात वृत्तपत्रांत पुष्कळदा असे छापलेले आढळते की, मुंबईस अमुक दिवशी साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार. तो आकडा बहुधा लाटेचा नसतो, भरतीचा असतो. नीचतम ओहोटीच्या पातळीजवळ धरलेल्या एका ठरावीक खुणेपासून पाणी किती चढेल, एवढेच तो सांगतो. त्या दिवशी वारा नसेल तर समुद्र शांत राहूनही पाणी तितके चढेल; आणि वारा असेल तर त्या चढलेल्या पाण्यावर लाटा आणखी निराळ्या येतील. ज्यास हा भेद कळत नाही तो लाटा दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त राहतो, आणि पाणी मुकाट्याने खाडीतून त्याच्या अंगणात येते.

आमच्या मंडळ्यांतील उपदेशक व शाळामास्तर बंधूंस आमची एक सूचना आहे. आपल्या शाळेच्या किंवा प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर पावसाळ्याच्या चार महिन्यांत एक लहानसा तक्ता लावावा. त्यावर रोजची तिथी, तिच्या तीनचतुर्थांशाने निघणारी किनाऱ्यावरील भरतीची वेळ, आणि तीत आपल्या ठिकाणचा उशीर मिळवून निघणारी वेळ, असे तीन आकडे लिहावे. मुलांकडून ते लिहवून घ्यावे, म्हणजे गुणाकार-भागाकारही पक्के होतील. पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ आली असेल, पोलादपूरकडे ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असेल, आणि सरकारी हवामान खात्याचा इशारा निघाला असेल, तर नदीकाठच्या घरांतील म्हातारी माणसे, मुले व गुरे भरतीची वेळ येण्याच्या आधी, उजेड आहे तोवर, उंचावर न्यावी. दरडीच्या खालची घरे असतील तर भरतीचीही वाट पाहू नये. हा तक्ता पूर अडविणार नाही. पण निघण्यास दोन घटकांचा अवधी मिळाला तर तो कित्येकांचे प्राण वाचवील.

केरूनानांपाशी राज्य नव्हते, द्रव्य नव्हते, आणि त्यांच्या पंचांगास त्यांच्या हयातीत फारसे गिऱ्हाईकही मिळाले नाही. त्यांनी रात्री जागून आकडे लिहिले, ते खरे आहेत की नाहीत हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहिले, आणि जे कळले ते आपल्या लोकांच्या भाषेत लिहून ठेविले. सावित्रीकाठच्या एखाद्या शाळेतील मुलाने उद्या खडूने भिंतीवर भरतीची वेळ लिहिली, तर तो त्यांच्याच कामाचा पुढचा आकडा लिहील.